येळवशीची तुराटी

११ डिसें., गुरु.
बदली होऊन सहा महिने झाले, तरी चौथीच्या वर्गात माझ्या तोंडून समुद्रच निघतो. कोकणातल्या शाळेत नऊ वर्षं पोरांना भरती-ओहोटी बघायला किनाऱ्यावर न्यायची. तेच आजपासून इथल्या साठवण तलावावर. रोज परिपाठाआधी पाण्याच्या कडेला एक तुराटी, तुरीची वाळकी काडी, रोवायची, वहीत लिहायचं. उत्तर मी सांगायचं नाही, हा माझाच नियम. मुख्याध्यापक सर म्हणाले, "मॅडम, पुस्तक कधी उघडणार?" हसले नुसती.

१३, शनि.
पाणी रोज मागं. तीन-चार बोटं. शिवलीला, पहिल्या बाकावरची, हात कायम वर: "मॅडम, समुद्राचं परत येतं, मग आपलं का न्हाय?" नियम आठवला. उलट विचारलं, तुला काय वाटतं? पोरांनी नावं घेतली: ऊन, पाणी उपसणाऱ्या मोटारी, म्हशी. एक म्हैस किती पाणी पिते यावर भांडण, तास संपला.

१८, गुरु.
आठवी काडी रोवली; मधल्या रविवारचीही पोरांनी चुकवली नव्हती. उद्या येळवस, इथली वेळ अमावस्या, रानात जेवायचा सण; सुट्टी. निघताना बोलून गेले की तिकडं अमावस्येला उधाण येतं, पाणी लई वर चढतं. काय गरज होती? माझ्या तोंडाला कुलूप हवं.

२०, शनि.
काल रानात भज्जी, आंबील, पोट फुटेस्तोवर. आज तलावावर बघते तर आठवी तुराटी पाण्यात उभी, चांगली वीतभर आत! पोरांनी गिल्ला केला. "उधाण आलं, मॅडम!" खरं लिहिते, मीही ओरडले. सणामुळं सगळ्यांच्या मोटारी बंद म्हणून? की वारा?
नेमके केंद्रप्रमुख आलेले. वही चाळली, म्हणाले, पुढच्या शनिवारी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात हाच प्रयोग. आमच्या शाळेतून आजवर कुणी गेलेलं नाही. शिवलीला मांडणार.

२२, सोम.
सकाळी एकटीच लवकर गेले. सातव्या काडीच्या पुढं कोरड्या चिखलात भोक. तुराटीएवढं. आठवी इथं होती. पाणी तिथून वीतभर खाली.
म्हणजे पाणी आलंच नव्हतं. हे मला शनिवारीच दिसायला हवं होतं. पोरांना 'आधी नीट बघा' सांगून घसा कोरडा करते, आणि स्वतः? लाज वाटली.

२३, मंगळ.
मधल्या सुट्टीत शिवलीलाला विचारलं, काडी कुणी हलवली असेल? सरळ म्हणाली, "म्या. येळवशीला. आजोबासंगं रानात आल्ते तवा."
का गं?
"तुमी रोज तिकडचं सांगता. वाटलं, आपल्याबी तळ्याला एकदा यावं. आन् तुमी लई खूश झालाव."
रागावता येईना. चूक माझी आधी, तिची नंतर.
सरांना सांगितलं. "जाऊ द्या वो मॅडम. तिथं कोण भोक बघायला येतंय? आता नाव काढलं तर पोरगी शाळेत यायची न्हाय." हेही खरंच. तिच्या आईनं गावभर सांगितलंय.

२६, शुक्र.
वही तपासायला घेतली. वीस तारखेला 'पाणी वर आले' लिहिलंय, त्याखाली शिवलीलाचं गिचमिड अक्षर: "हे खोटं हाय. काडी म्या हालवली. पाणी रोज मागंच चाललंय."
मी लिहायला सांगितलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, मग भीती वाटली. उद्या परीक्षक हे सगळ्यांपुढं वाचणार.
सरांनी पाहिलं. "तेवढं पान काढून टाका, मॅडम. लहान लेकरू हाय." 
सुटताना तिलाच विचारलं, उद्या काय सांगशील?
"तुमीच सांगा की मॅडम, काय सांगू?"
नियम माझाच. सांगितलं नाही. तिला वाटलं असेल, मॅडम रागावल्या. घरी येईपर्यंत तेच डोक्यात.
सकाळी आठची एसटी. वही पिशवीत भरली. पान अजून आहे.