कावळा शिवला नाही तरी कोणी बोलू नये

मी, परशुराम हसुराम केणे, राहणार आयरे गाव, डोंबिवली पूर्व, विधानसभेचा कायमचा अपक्ष उमेदवार आणि कायमचा पराभूत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्या दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण माझ्या डोक्याबद्दल गावात शंका घेणारे पुष्कळ आहेत.

कलम १. राहता फ्लॅट मुलगा प्रणित याला. खाडीकडची जमीन माझ्या प्रचारात गेली, पण त्याने मला कधी एका शब्दाने विचारलं नाही. त्याचं ते गप्प राहणं मला फार लागलं.

कलम २. प्रचाराचा भोंगा चुलतभाऊ यज्ञेश याला द्यावा. मला पाडायला त्याने एकदा माझ्याच नावाचा दुसरा परशुराम उभा केला होता. आता भोंगा घेऊन खुशाल ओरडत बसावं.

कलम ३. पत्नी कै. मनुबाई हिची शिलाई मशीन नात समिधा हिला. तीच माझी निवडणुकीची निशाणी होती. समिधाने मशीनवर कपडे शिवावेत, निशाणी म्हणून ती कधी घेऊ नये. कारण पुढे लिहिलं आहे.

कलम ४. माझ्या दहाव्याबद्दल. हे नीट वाचावं.

मनुबाई गेली तेव्हा खडवलीला नदीवर पिंड ठेवला. झाडावर कावळे भरपूर, पण एक खाली येईना. प्रणित म्हणाला, "आये, बाबांना मी सांभाळीन." नाही. तिच्या बहिणीने दागिन्यांचं सांगून पाहिलं. नाही. ऊन चढलं. मागून कोणीतरी म्हणालं, "परशादादा, तू बोल काय तरी. तिचे मनान काय व्हता त तुलाच ठाव."

खरं तर मला ठाऊक नव्हतं. तोंडाला आलं ते बोललो, "मनू, निवडून येईपर्यंत आपल्या घरातला माणूस उभा राहील."

वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा पिंडावर बसला. लोकांनी सुटल्यासारखे हात जोडले. मला मात्र तेव्हा जी भीती वाटली ती आजतागायत गेलेली नाही. मनुबाईला निवडणुकीचा तिटकारा होता. मग माझं बोलणं ऐकलं कोणी?

तेव्हापासून निवडणूक जाहीर झाली की स्वयंपाकघराच्या ग्रिलवर एक कावळा येऊन बसतो. भात ठेवला तर नुसता बघतो. दुसरे कावळेही त्या भाताला शिवत नाहीत. मी अर्ज भरून घरी येतो तेव्हा भात संपलेला असतो. मग मी हरतो.

सबब, माझ्या पिंडाला कावळा शिवला नाही तर घाटावर कोणीही काहीही कबूल करू नये. दर्भाचा कावळा करून शिववावा आणि गुपचूप घरी यावं. माझा जीव अडकला तर अडकू द्या. हरलेल्या माणसाकडे बघून लोक जसं हसतात त्याची मला सवय झाली. समिधावर ती वेळ येऊ नये. पोरगी वकिली शिकते आहे, तिचं आयुष्य तिचं राहावं, एवढीच माझी इच्छा आहे.

यंदा अर्ज भरायचा नाही असं ठरवूनच लिहायला बसलो. कावळा आठवडाभर ग्रिलवर आहे. भात तसाच आहे.

कलम ५. हे कलम दुपारी वाढवलं.

वरचं सगळं समिधाला वाचून दाखवलं. तिला हसू आलं. "काय आजोबा तुम्ही पण! टेन्शन नका घेऊ. नसेल शिवत तर मी राहीन ना उभी, निवडून येईपर्यंत. बस?"

मी तिच्या तोंडावर हात ठेवला, पण उशीर झाला होता. स्वयंपाकघरातून पत्र्यावर चोच आपटल्याचा आवाज आला. जाऊन पाहिलं तर ग्रिलवर शीतही उरलं नव्हतं.

मी तर अजून जिवंत आहे.

सबब कलम चार आता उपयोगाचं नाही. मी निवडून आलो तरच दिलेला शब्द फिटेल आणि पोरगी सुटेल. म्हणून उद्या अर्ज भरतो आहे. आजवर हरण्याचं मला काही वाटलं नाही, या वेळी वाटतं आहे. आयरे गावाने माझी थट्टा पुरे करावी आणि शिलाई मशीनसमोरचं बटण दाबावं, ही हात जोडून विनंती. साक्षीदार डॉक्टरीणबाईंचं मत ठाणे शहरात आहे, त्यांनी निदान ओळखीपाळखीत सांगावं.

साक्षीदारांसमक्ष वाचून, समजून सही केली.

परशुराम हसुराम केणे
लिहून देणार, आणि उमेदवार

साक्षीदार:
डॉ. उत्तरा लिमये, नौपाडा, ठाणे
शीला गायकर, आयरे गाव

डोंबिवली, २४ ऑक्टोबर २०२४