घड्यांचा ट्विटर आणि टाळाचा आवाज

रोहा, सोमवार

चि. सौ. हौसास दादाचे भरभरून आशीर्वाद. तुझे गुडघे काय म्हणतात, भावोजींचा खोकला हटला का, यंदा पापडांना ऊन पुरतंय का, सगळं कळव. इकडे आम्ही मजेत. तुझी वहिनी बायजा माझ्याशी बोलत नाही, पण तीही मजेत आहे. फोन का नाही केला म्हणशील, तर फोनवर तू हल्ली फार पुटपुटतेस, म्हणून लिहायला बसलो.

तुला ठाऊकच आहे, भजनी मंडळात टाळ माझ्याकडे. आपल्या आबांच्या मागे तो दुसऱ्या कोणाच्या हातात गेलेला नाही. तर गेल्या महिन्यात आमचे अध्यक्ष गोरख मला बाजूला घेऊन म्हणाले, "कान्हूदादा, तुमचा टाळ लय जोरात वाजतो, बुवा ऐकूच येत नाय. सप्त्याला टाळ निकेशकडं देऊया." (निकेश म्हणजे त्यांचा जावई, हे वेगळं सांगायला नको.) अगो, मी जोरात का वाजवतो? मंडळाच्या स्पीकरमधून टाळाची किणकिण येतच नाही म्हणून. दोष खोक्याचा आणि टाळ काढून घेणार माझ्या हातातून. मला रात्री जेवण गेलं नाही.

म्हटलं, बारीक आवाज काढणारा जो छोटा स्पीकर असतो, ट्विटर (मोबाइलमधला नव्हे), तो आपणच बनवायचा. व्हिडिओ बघितला. त्यातला गोरा माणूसही पुटपुट्याच निघाला, पण हात दिसत होते. पातळ प्लॅस्टिकवर ॲल्युमिनियमच्या कागदाच्या पट्ट्या चिकटवायच्या, साडीला निऱ्या घालतो तशा त्याला बारीक घड्या घालायच्या आणि तो पडदा लोहचुंबकांच्या मधे बसवायचा. मग घड्या पेटीच्या भात्यागत हवा बाहेर फेकतात. चुंबक कुरिअरने आले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी बायजाची विळी ओढून घेतली. ती सोडवताना माझं बोट सापडलं. बायजाने आधी विळी तपासली.

प्लॅस्टिक कुठून आणायचं? तू पापड लाटायला वापरतेस तो कागद मागे पापडांबरोबर आला होता, तोच घेतला. छान पातळ. पण त्यात तुझं तेल इतकं मुरलेलं की पट्ट्या चिकटल्याशा वाटल्या आणि गरम होताच सरकून एकमेकींना भिडल्या. मंडळाच्या ॲम्प्लिफायरमधून धूर निघाला. (तो दुरुस्त केला आहे. गोरखला माहीत नाही, तूही बोलू नकोस.) मग बायजाच्या नव्या साडीवरचा कुरकुरीत कागद काढला. साडीसकट नव्हे, पण तिला तसं वाटलं.

दुसरा ट्विटर काल ओट्यावर लावून बघितला, टाळाचीच कॅसेट. काहीच वाजेना. तार सैल असेल म्हणून उघडला, बसवला, आवाज वाढवला, पुन्हा उघडला. बायजाने कानांवर हात ठेवले, कुत्रं उठून शेजारी गेलं आणि शेजारच्या विमलबाई कुंपणाशी येऊन तोंड हलवत राहिल्या. मी त्यांना सांगितलं, थांबा, अजून चालू झाला नाही. तर या सगळ्याचा अर्थ एवढाच की चुंबक कमी ताकदीचे आहेत. मी हार मानणारा नाही.

थोरामोठ्यांना नमस्कार, लहानांना पापा.

तुझा,
कान्हूदादा

ता. क. चुंबकांना काही झालेलं नाही. नोकरीभर धाटावच्या कारखान्यात कंप्रेसरशेजारी उभा होतो, तेव्हा कानात कापूस घाल म्हणून तू सांगायचीस.

ता. क. २. तुमच्या पेणला कानाचे डॉक्टर बसतात म्हणे. नंबर लावून ठेव. बायजाला मी पापड आणायला जातो म्हणून सांगेन आणि वडखळवरून येईन. टाळ सोडायची माझी तयारी नाही गो. तपासणी झाली की डॉक्टर काय म्हणाले ते तूच सांग. वाईट असेल तर ओरडून सांग. बरं असेल तर मशीन लावल्यावर हळूच सांग, मला ऐकू येतं का बघू.