गार वाफ

२ डिसेंबर, सकाळी ११
प्रार्थनाने पुण्याहून तिच्या मम्मीसाठी मशीन पाठवलं. अल्ट्रासॉनिक नेब्युलायझर. उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की रेबेकाचा दमा उठतो, म्हणून. फोनवर लेक म्हणाली, पप्पा, शेजारच्या एडविनकाकांकडून लावून घ्या. मी श्रीरामपुरात एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. एडविन दवाखान्यात कंपाउंडर होता, बाटल्यांना लेबलं लावायचा. पुस्तिका वाचणार नाही. तत्त्व कळलं की यंत्र कळतं.

संध्याकाळी ६
मशीन सदोष. खालच्या टाकीत पाणी, वरच्या कपात डॉक्टरांनी दिलेलं औषध, नळी, मास्क, सगळं मी बरोबर लावलं. वाफ आली, पण गार. गार वाफारा कुणी घेतो का? टाकीत उकळतं पाणी ओतलं. बंद पडलं. प्रार्थनाला कळवलं, फसवलं तुला.

३ डिसेंबर
एडविन आला. इस्त्रीचा शर्ट. टाकीत गार पाणी भरलं, बटण दाबलं, सुरू. म्हणाला, "सर, ह्याची वाफ गारच असती. उकळतं पानी कशाला वतलं?" रात्रीतून मशीन आपोआप दुरुस्त झालं होतं, हे त्याच्या लक्षात आलं नसावं. रेबेकाला पाच मिनिटांत मोकळं वाटलं. तिने त्याला वेलदोड्याचा चहा दिला. मला वेलदोडा शेवटचा कधी मिळाला, आठवत नाही.

५ डिसेंबर
रेबेका रोज चार वाजता भिंतीवरून एडविनला हाक मारते. हाक मारण्याआधी केस विंचरून घट्ट अंबाडा घालते. माझ्यासमोर दिवसभर केस कसेही चालतात. तो मशीन लावून बाहेर आला की मी त्याला व्हरांड्यात अडकवून ठेवतो. काल प्रकाशाचे अपवर्तन, आज ध्वनी. त्याला वाटतं, गप्पा चालल्यात. माझी नजर दारावर असते.

८ डिसेंबर, रविवार
एडविन ख्रिसमसच्या गाण्यांच्या सरावाला चर्चमध्ये अडकला. संधी. तो मशीन लावताना दोन वाक्यांची प्रार्थना करतो. दोन वाक्यांत काय होणार? मी बटण दाबलं आणि रीतसर सुरुवात केली. चर्चची मंडळी, पाळक, डॉक्टर, लेक प्रार्थना, वीज मंडळ, मशीन बनवणारे, शेवटी थोडक्यात एडविन. रेबेका डोळे मिटून, हात जोडून. मास्क मांडीवर. प्रार्थना चालू असताना कोण मास्क चढवेल? आमेन म्हणून डोळे उघडले तर खोलीत धुकं आणि मशीन बंद. दहा मिनिटांनी ते आपोआप बंद होतं.
रेबेका धापा टाकत होती. बोलवेना. तिने भिंतीकडे बोट केलं. मी चर्चपर्यंत अनवाणी पळालो. त्याला हात धरून आणलं.
आता पायाला टोचलेला काटा काढतोय. शेवटी काम एडविननेच केलं.

९ डिसेंबर
पुस्तिका वाचली. पान सहावर लिहिलंय, वाफ गार असते. अक्षर फार बारीक.

१२ डिसेंबर, दुपारी ३
एडविन मुलाकडे राहात्याला गेला. रविवारी येणार. सकाळपासून साध्या पाण्यावर चार तालमी केल्या. चारही यशस्वी. शर्टाला इस्त्री केली. आजपासून ती मला हाक मारेल.

दुपारी ४.३०
हाक आली नाही. पाच मिनिटं थांबून मीच आत गेलो. रेबेका मास्क लावून बसली होती. मशीन चालू. तिने हाताने थांबा म्हणून सांगितलं. थांबलो.
नंतर विचारलं, कुणी लावून दिलं. म्हणाली, मीच. पहिल्याच दिवशी एडविनभाऊंकडून शिकले. मग रोज त्याला हाक कशाला? तिने मास्क पुसून ठेवला.
"ते तुमाला तेवढा वेळ व्हरांड्यात बसवून ठेवतात. म्हणून मला सुखाने श्वास घेता येतो."
अंबाड्याचंही विचारून घेतलं. मास्कचं इलॅस्टिक केसांत अडकतं. वेलदोडे एडविनच आणतो.
बराच वेळ मशीनची वायर गुंडाळत बसलो. तिने ती माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाली, उद्या व्हरांड्यात दारासमोरची खुर्ची घ्या, मला दिसाल असं बसा. आत मात्र येऊ नका.

संध्याकाळी ६
एडविनला फोन केला. व्हरांड्यात बसायला रविवारऐवजी शनिवारीच येता येईल का, विचारलं.