कोरी बाटली

४ तारीख
आलो एकदाचा! नदीकाठची खोली, पश्चिमेला खिडकी, खाली घरमालकीण मावशी. लेक म्हणत होती, बाबा, या वयात नदी कसली तपासता? म्हटलं, शाळेत नदीवरच्या कविता घोकल्या, आता तिची नाडी बघतो. काम सोपं. कारखान्याच्या नाल्याखालचं पाणी बाटलीत भरायचं. शिसं किती, ते प्रयोगशाळा सांगते. सोबत शुद्ध पाण्याची एक कोरी बाटली, तीही काठावर उघडून झाकायची. तिच्यात शिसं निघालं तर दोष आपल्या हाताचा, नदीचा नमुना बाद. नमुना टिकला तर नाला बंद होईल. खालच्या वस्तीतली पोरं हेच पाणी पितात.

९ तारीख
कोऱ्या बाटलीत शिसं! प्रयोगशाळेतल्या बाईंनी फोनवर विचारलं, आजोबा, हात धुता की नुसत्या कविता म्हणता? हसलो. हातमोजे बदलले.

१३ तारीख
पुन्हा बाद. या खेपेला कोरी बाटली उघडलीही नव्हती, नुसती खिशात होती. हिरड्यांवर निळी रेघ दिसते, अंगात शिसं भिनल्याची खूण. खाटेचा पाय मोडला. मावशी म्हणाल्या, खाता चिमणीएवढं, वजन कुठून आणता? मग आवाज उतरवून सांगितलं, आधीचे निरीक्षकही असेच जड होत गेले. एक दिवस नदीत उतरले. वर आलेच नाहीत.

१७ तारीख
जिन्याची पायरी तुटली. मावशींनी खालच्या खोलीत हलवलं. पाय आपोआप नदीकडे वळतात. ओढते ती बिचारी नदी नव्हे — तिच्या तळाशी काहीतरी बसलंय, ते. नाला बंद झाला तर त्याला शिसं खायला कोण घालणार? म्हणून माझ्यात शिरून बाटली नासवतं. लेक म्हणते, परत या. नाही! मीही कच्च्या गुरूचा चेला नाही.

१९ तारीख
बाटल्यांच्या पेटीला बोटही लावलं नाही. मावशी गेल्या नदीवर. मी लांब टेकाडावर, खांबाला दोरीनं बांधून घेतलेला. तिथून ओरडत होतो, मोजे घाला, आता झाका! त्या खालून ओरडल्या, कळतंय हो, सून समजलात का मला! दोरी काचत होती —

२२ तारीख
बाईंचा फोन. कोरी बाटली निर्मळ. नदीत शिसं भरमसाट. नमुना मान्य! नाल्याला कुलूप —

दुपार
खाली खवळलंय ते. फरशी तडकली. घोट्यापर्यंत आत — मावशींना हाक मारणार नाही, त्या आल्या तर त्याही —

गुडघे. गार आहे.

ओढ लेका, ओढ! नमुना गेला तुझ्या हातचा, आता म्हाताऱ्यावर राग काढ. पण सांगून ठेवतो, घशात नाही अडकलो तर नाव —