संत्र्याचा हात

आई, तुझी काचेची नळी अजून चालू आहे. बसवनगुडीतलं घर गेलं, साड्या मावशीने वाटून टाकल्या, पण नळी लॅबमध्ये त्याच टेबलावर आहे. आता ती तुझ्या विद्यार्थिनीकडे असते, बेळगावच्या, जिला मी लहानपणापासून अक्का म्हणते. दोनदा कॉलेज सोडून, इंदिरानगरला एका कॅफेत कॉफी देऊन, मग हंपीत उगाच राहून मी परत आले, तेव्हा तिने एवढंच विचारलं, "हात थरथरत नाहीत ना? मग ये." सध्या मी सर्जापूर रोडच्या गच्च्यांवर हवेतून उतरलेली धूळ ब्रशने गोळा करते. तिथे एका गच्चीवर कुणीतरी ससे पाळलेत, अगदी पांढरे, म्हणजे पूर्वी पांढरे असलेले. असो.

आज अक्का म्हणाली, "धूळ तू भर." नळीला आतून धुळीचा पातळ थर द्यायचा, एका टोकाने थोडा ओझोन सोडायचा, दुसऱ्या टोकाला किती उरला ते बघायचं. हरवला तेवढा धुळीने खाल्ला. तुलाच काय सांगतेय मी. बूच मी लावलं आणि पडद्यावरची ओझोनची रेघ अशी खाली आली की अक्का उठून उभी राहिली. "ह्याचीच वाट बघत होते ग. आई हवी होती तुझी आज." तिने लगेच मोठ्या सरांना फोन लावला. मी नाक खाजवलं आणि बोटांना संत्र्याचा वास आला. आत येण्याआधी झाडाखाली खाल्लं होतं, हात जीन्सला पुसले होते.

मी आठ-नऊ वर्षांची आहे, शाळेला सुट्टी आहे, तुझ्या लॅबमध्ये स्टुलावर बसून मी संत्रं सोलतेय. तू वळतेस. "बाहेर हो." दार लागतं. मी दुपारभर त्या कॉरिडॉरमध्ये. रात्री स्वयंपाकघरात तू गॅसच्या ज्योतीपाशी साल दाबतेस, ठिणग्या उडतात. "हे तेल ओझोन खातं. हाताला लागलं की नळीला लागतं. मग धुळीने खाल्ला की संत्र्याने, कसं कळणार मला?" ठिणग्या मला आवडतात. तुझ्याशी मी बोलत नाही.

माझी बॅग खुर्चीला लटकलेली होती. खाली बस येतात. उठून निघून गेले असते तर कुणाला काही कळलं नसतं.

"अक्का, फोन ठेव."

"स्वल्प थांब ग."

"ठेव ना. धुळीशिवाय रिकामी नळी चालवू या. बूच तेच राहू दे."

तिने माझ्या हातांकडे बघितलं. फोन ठेवला. रिकाम्या नळीतही रेघ तितकीच खाली आली.

"काय खाल्लंस?"

"संत्रं."

"आईसमोर खाल्लं असतंस?"

"एकदा खाल्लं होतं."

तिने साबण माझ्यापुढे सरकवला. "आधी हात धू. मग बूच. मग परत धूळ भर." मग पुन्हा सरांना फोन लावला, आणि ह्या वेळी हळू आवाजात बोलत राहिली. मी बेसिनपाशी उभी राहून हात धूत होते, वास गेल्यावरही धूत होते. तिने मला बाहेर काढलं नाही.

हे पत्र मी कुठे टाकणार. पण आई, तुझं बरोबर होतं हे आज डोळ्यांनी बघितलं, आणि तरी त्या बंद दाराचा राग काही गेला नाही.