स्वामींना कोणी मारलं

दि. ११ फेब्रुवारी, मंगळवार

प्रिय चिमे,

अनेक आशीर्वाद. तू, मास्तर, त्यांच्या आई आणि पिल्लू खुशाल असाल अशी आशा करते. सरकारने मोबाइल बंद केल्यापासून तुमचा आवाज कानावर नाही, म्हणून या वॉर्डातल्या सिस्टरच्या हाती हे पाठवतेय. ती पुलापलीकडे तुमच्याच बाजूला राहते. वॉर्ड म्हटल्यावर घाबरू नकोस. अण्णा पडले, त्यांना जरा लागलंय. जबडा तारेने बांधलाय, त्यामुळे बोलता येत नाही. आई बरी आहे. गॅलरीतलं तुझं झाड अजून तग धरून आहे.

दुपारी सिस्टरची ड्युटी संपेल. त्याआधी सगळं लिहून व्हायला हवं आणि मी तुला झाडाची खुशाली कळवत बसलेय.

चिमे, अण्णा पडले नाहीत.

टीव्हीवरची स्वामींची मालिका संपली तरी लोकांच्या लेखी ते स्वामीच राहिले, हे तू पाहिलंच आहेस. रस्त्यात कोणी वाकलं की आधी ते संकोचायचे, "अहो, मी नट आहे," म्हणायचे. मग काम मिळेना, आणि ते तसं म्हणायचेही बंद झाले. तू मास्तरांशी लग्न करून पलीकडे गेलीस तेव्हा पेपरात छापून आलं, स्वामींच्या मुलीने धर्म सोडला. तेव्हा पक्षाचा संघटक घरी आला. "लोकांचं आम्ही बघतो, तुम्ही फक्त सभेला या, त्याच वेशात या," म्हणाला. त्या दिवसापासून अण्णा त्याच्या मुठीत गेले. आणि खोटं कशाला सांगू, समोर गर्दी दिसली की त्यांचा चेहरा उजळायचा. त्यांची रंगभूषा मीच करायची. दाढी, जटा, कपाळावरचं गंध, सगळं.

रविवारी सभा होती. मंचामागच्या खोलीत मी दाढी चिकटवत होते. संघटकाने भाषणाचा कागद आणून दिला आणि अण्णा नेहमीसारखे पुटपुटत पाठ करू लागले. "पुलापलीकडची वस्ती रिकामी होईल, तेव्हाच हे शहर शुद्ध होईल."

माझा हात थांबला. "अण्णा, तिथे चिमी राहते."

"बोलू नकोस, गोंद ओठावर येतोय."

"अण्णा."

"संवाद आहे गं तो. लोक टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. आजवर गेलेच ना?"

मी मिशी दाबून बसवली. हात झटकून उठायला हवं होतं, उठले नाही. ते छान दिसताहेत की नाही, हेसुद्धा मी मागे सरून पाहिलं.

लोक घरी गेले नाहीत. ते वाक्य झालं आणि अख्खी गर्दी पुलाकडे वळली. अण्णा "थांबा, थांबा" ओरडत होते, पण कोणीतरी गाणी लावली होती. ते मंचावरून उतरून धावले, मी त्यांच्या मागे. पुलाच्या तोंडाशी हात पसरून ते आडवे उभे राहिले. तर पोरांनी त्यांना खांद्यावर घेतलं. त्यांना वाटलं, स्वामी पुढे चाललेत.

तेव्हा अण्णांनी दाढी ओढून काढली. जटा काढून फेकल्या. "मी स्वामी नाही. मी नट आहे. माझी मुलगी राहते तिकडे."

कोणीतरी विचारलं, "हा म्हातारा कोण?" दुसरा म्हणाला, "त्यांच्यातलाच दिसतो." पुढचं मी लिहीत नाही. पोलीस आले आणि गर्दी पुलावरूनच मागे फिरली, तेव्हा मी अण्णांच्या अंगावर आडवी पडले होते. मला फारसं लागलेलं नाही.

आज सकाळी संघटक फळं घेऊन आला. म्हणाला, "पलीकडच्यांनी स्वामींना मारलं. लोक खवळलेत. संध्याकाळी पत्रकार येतील आणि इथूनच मोर्चा निघेल. ताई, तुम्ही फक्त माझ्या शेजारी उभ्या राहा."

मी म्हटलं, "मारणारे तुमचे होते. मी बघितलंय."

"घाबरलेल्या माणसाला चेहरे आठवत नाहीत," तो शांतपणे म्हणाला. "आणि हो, आई घरी एकट्याच असतात ना?"

अण्णा ऐकत होते. त्यांनी डोळे मिटून घेतले.

संध्याकाळी माझ्या तोंडून काय निघेल, ते मला या क्षणी माहीत नाही. म्हणून माझ्या भरवशावर राहू नकोस. पत्र वाचून होताच निघा. शेजारच्यांनाही सांग.

तुझी,
अजून धीर गोळा करणारी ताई


दि. ५ मार्च

प्रिय चिमे,

मास्तरांच्या भावाकडे तुम्ही सुखरूप पोचलात, हे सिस्टरकडून कळलं. निघण्याआधी तू गल्लीतलं एकेक दार ठोठावलंस, हेही तिनेच सांगितलं.

त्या संध्याकाळी मी संघटकाच्या शेजारी उभी राहिले. तो बोलत होता आणि मी मान खाली घालून ऐकत होते. मग एका पत्रकार मुलीने मला थेट विचारलं, "तुम्ही तिथे होतात का?" आईला मी दुपारीच मावशीकडे धाडलं होतं. मी म्हटलं, "होते. अण्णांना त्यांच्याच भक्तांनी मारलं. दाढी काढली म्हणून मारलं."

संघटकाने हसत माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ताईंना धक्का बसलाय." मी हात झटकला आणि तेच पुन्हा सांगितलं. तेवढ्यात कोणीतरी मला मागे ओढलं.

मोर्चा निघालाच. पण हॉस्पिटलच्या दारातली बरीच माणसं एकमेकांकडे बघत पांगली, आणि या वेळी पुलावर आधीपासूनच पोलीस होते. तरीही काही जण पलीकडे घुसले. घड्याळवाल्याचं दुकान आणि त्याला लागून असलेली दोन घरं जळली. घरं रिकामी होती. जीव कोणाचा गेला नाही. तुझ्या दाराला कुलूप तसंच आहे.

आपल्या खिडक्या फुटल्या. मला कोणी काम देत नाही, नाटकवाले दारात उभं करत नाहीत. त्याचं एवढं काही नाही.

अण्णांच्या तारा गेल्या आठवड्यात काढल्या. त्यांनी सगळ्यात आधी तुझं नाव घेतलं असं लिहायचा मोह झाला होता. तसं झालं नाही. पहिला प्रश्न होता, "भेटायला कोण कोण आलं होतं?" मी म्हटलं, "कोणी नाही." ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी विचारलं, "त्यांनी पूल ओलांडला का?" मी सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर म्हणाले, "चिमीच्या सासूला तर चालवत नाही. तिला कसं नेलं?"

"मास्तरांनी पाठीवर घेतलं."

ते रडले. मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. मंचावर रडायचे तेव्हा चेहरा देखणा ठेवायचे.

मी विचारलं, "बोलावू का तिला?"

"कोणत्या तोंडाने?" म्हणाले.

म्हणून ते बोलावत नाहीत आणि मीही ये म्हणत नाही. आलीस तर ते माफी मागतीलच, अशी खात्री देता येत नाही. कदाचित मालिकेच्याच गोष्टी सांगत बसतील. पण त्या दिवशी मंचामागच्या खोलीत काय झालं, ते तुला दुसऱ्या कोणाकडून कळायला नको होतं, म्हणून आधीच्या पत्रात लिहिलं. त्यावर तू काही कळवलं नाहीस. तेही बरोबरच आहे.

पिल्लूला पापा. मास्तरांच्या आईंना माझा नमस्कार सांग, आणि त्यांनी घेतला नाही तर तसं मला कळव.

अजून म्हणत असशील तर,
तुझी ताई