खिडकीचं भांडण

प्रिय बाळा,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस. ‘आई, दोन मिनिटांत करतो’ म्हणतोस आणि ती दोन मिनिटं आठवडाभर चालतात. म्हणून कागद घेतला. इथे तरी मला मधेच तोडता येणार नाही. तुझा निरोप मिळाला. तुझ्या कंपनीच्या फिल्मसाठी मी हरितगृहात मधल्या खांबापाशी, बाबांच्या स्टुलावर बसायचं आणि त्यांची खिडकीची गंमत हसत हसत सांगायची. कॅमेरेवाली मुलगी शुक्रवारी येणार. कपडे फिकट रंगाचे घाल, असंही कळवलंयस. बसणार की नाही ते सांगतेच, पण आधी सगळं वाच. वरवर चाळून माझं उत्तर तुला कळायचं नाही.

इथलं हरितगृह झकास आहे. मागच्या वादळात शेजारच्या गोदामाचे पत्रे उडाले. तुझा बांबूचा सांगाडा नुसता कुरकुरला, जागचा हलला नाही. पाणी पूर्वीच्या निम्म्याहून कमी लागतं, पंप उन्हावर चालतो, आणि टोमॅटो इतके लगडलेत की तोडता तोडता माझी कंबर मोडते. तुझ्या कामाला नाव ठेवायला मला जागा नाही. तुला ठेवायला आहे, पण त्यावर नंतर येते.

तू आत ती आपोआप चालणारी यंत्रणा बसवलीस तेव्हा बाबांनी तिचं नाव सूनबाई ठेवलं होतं, आठवतं? मुलाचं लग्न नाही आणि घरात सून आली, तीही पहिल्या दिवसापासून आपल्यालाच शिकवणारी, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटायचे. मातीत खुपसलेल्या कांड्यांनी झाडांची तहान मोजायची, सूनबाईच्या मनात येईल तेव्हा ठिबक सुरू व्हायचं, तिच्याच मर्जीने छपराच्या खिडक्या उघडायच्या नि मिटायच्या. बाबांचं तिच्याशी वाजायचं ते त्या खिडक्यांवरून. मिटल्या की झाडं घुसमटतात, असं त्यांचं म्हणणं. उघड्या राहिल्या की ओलावा उडून जातो, असं तुझं. शेवटी तह म्हणून तू मधल्या खांबावर लाल बटण बसवून दिलंस, त्यांचे गुडघे दुखायचे म्हणून स्टुलावर बसल्या बसल्या हात पोचेल इतकं खाली. दाबलं की इथे खिडक्या उघडायच्या आणि तिकडे तुझ्या फोनवर घंटी वाजायची.

आता तुला ठाऊक नसलेलं सांगते. त्यांनी पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा तुझा लगोलग फोन आला. तावातावाने बोललास, पाण्याचा सगळा हिशेब बिघडला म्हणून त्यांना झापलंस. बाबांनी चेहरा कडक ठेवला, तुला चार शब्द सुनावले, आणि फोन ठेवल्यावर घरभर शीळ घालत फिरले. आपणहून कधी फोन न करणारा मुलगा बटण दाबलं की हजर होतो, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. त्यानंतर त्या खिडक्यांचा आणि झाडांचा फारसा संबंध उरला नाही. चहा व्हायचा, चष्मा पुसून व्हायचा, ‘जरा साहेबांना बोलावून येतो’ म्हणायचे आणि निघायचे. आतल्या फवाऱ्याने एक फोन भिजून गेला होता, म्हणून नवा दाराबाहेरच्या खुंटीवर पिशवीत टांगलेला असायचा. बटण दाबून ते बाहेर यायचे आणि पिशवीशी उभे राहायचे. मी म्हणायचे, अहो, सरळ फोन करा ना. तर म्हणाले, ‘मी फोन केला तर तो कामात असतो. मी चूक केली तर मोकळा असतो.’

पुढे तू शहाणा झालास. फोन करायचं सोडून तिकडूनच खिडक्या मिटायला लागलास. बाबा दाबायचे, तू मिटायचास. ते फोन हातात धरून उभेच, आणि तो वाजायचा नाही. घरात आले की मला सांगायचे, मिटली ना खिडकी, म्हणजे त्याने पाहिलं. मुलाने आपल्याला गप्प केलं यातही त्यांना मुलाची खबर मिळत होती. मला तेव्हा तुझा राग आला होता, पण तुम्हा दोघांच्या खेळात मी कशाला पडू म्हणून गप्प बसले.

गेल्या महिन्यात तुझ्या सत्काराला मला पहिल्या रांगेत बसवलंस. बोललास छान. झाडं न तोडता उभी राहणारी घरं, वाचलेलं पाणी, उद्याची शेती, सगळं मुद्देसूद. मग बाबांवर आलास. माझे पहिले ग्राहक आणि पहिले विरोधक, म्हणालास, आणि त्यांच्या शेवटच्या दिवसाची गोष्ट काढलीस. तू मोठ्या खरेदीदारांसमोर बसलेला, भिंतीवरच्या पडद्यावर आपल्या हरितगृहाचे आकडे आणि खिडक्यांचं नुसतं रेखाचित्र. पाणी किती थोडं लागतं ते दाखवायला भर दुपारी खिडक्या मुद्दाम मिटून ठेवलेल्या. आणि त्या उघडल्या. तू मिटल्यास. पुन्हा उघडल्या. असं सात वेळा झालं. खरेदीदार हसायला लागले, तेव्हा तू तिकडूनच बाबांचं बटण बंद करून टाकलंस. ‘तेव्हा कुठे बाबा शांत झाले.’ अख्खं सभागृह खो खो हसलं. त्याच रात्री ते झोपेत गेले, असं सांगताना तू आवाज जरा खाली आणलास, तर टाळ्या पडल्या. तू माझ्याकडे पाहिलंस, मी हसतेय का ते बघायला. मी हसले. पहिल्या रांगेत बसवलेल्या बाईने दुसरं काय करायचं असतं.

बाळा, बाबा झोपेत गेले नाहीत. तसं मी तुला सांगितलं होतं. त्या दिवशी मी डोळे तपासायला गेले होते. संध्याकाळी परतले तर ते घरात नव्हते. हरितगृहाचं दार ओढलं तर भट्टीसारखी वाफ तोंडावर आली. ते मधल्या खांबापाशी जमिनीवर होते. एक बाजू लुळी पडलेली, दुसरा हात वर, खांबाला लागलेला. मला वाटलं, उठायला आधार शोधत असतील. डॉक्टर म्हणाले, झटका हलका होता, यातून माणसं चालायला लागतात. आतल्या उकाड्याने घात केला. खिडक्या का मिटलेल्या होत्या, असं त्यांनी विचारलं. यंत्र आहे, बिघडलं असेल, असं मी म्हटलं. तू लांब, एकटा. ते चित्र तुझ्या डोळ्यांसमोर कशाला, म्हणून मामाशी बोलून रात्र जाऊ दिली आणि सकाळी तुला फोन केला. त्या दुपारी बटण दाबलं गेलं आणि तू ते बंद केलंस, हे मला काही माहीत नव्हतं. ते तू सांगितलंस, माइकवरून. दोन वर्षं अर्धी गोष्ट माझ्यापाशी होती आणि अर्धी तुझ्यापाशी, आणि तुझ्या अर्ध्या गोष्टीवर लोक हसत होते. ते भांडत नव्हते रे. फोन बाहेर टांगलेला, तोंडातून शब्द फुटत नसणार, तेव्हा तुला बोलवायचा त्यांना ठाऊक असलेला एकच मार्ग त्यांनी धरला. सात वेळा तुला हाक मारली आणि सातही वेळा तू खिडकी मिटलीस. मामा म्हणतो, सांगू नकोस, पोरगा मोडून पडेल. मलाही तसंच वाटतं, म्हणून सांगते आहे. शुक्रवारी त्या मुलीला पाठव. मी फिकट कपडे घालीन, स्टुलावर बसेन, आणि गोष्ट पुरी सांगेन. हसायचं कुठे ते तिने मला दाखवावं. तुला उदंड आयुष्य लाभो. याआधी हे इतक्या मनापासून मी कधी म्हटलं नव्हतं.

तुझीच,
आई